दोन मीटरचं भोक आणि चोरलेला नकाशा

अंतराळातल्या लढायांचा सिनेमा सुटला की बाहेर पडणाऱ्या घोळक्यात एक तरी जण असा असतो, जो स्टँडवरून गाडी काढता काढता विचारतो, ‘‘एवढं मोठं यंत्र बांधलं आणि नेमकं एक भोक बुजवायचं राहिलं?’’ बाकीचे हसतात आणि विषय संपतो. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. आज त्याचंच उत्तर शोधू या.

ज्या सिनेमावरून हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, तो म्हणजे जॉर्ज लुकास यांचा १९७७ सालचा ‘स्टार वॉर्स’. असल्या कथांना इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. विल्सन टकर या अमेरिकन लेखकानं १९४१ मध्ये हा शब्द काढला, तो हेटाळणीनं. साबणाच्या कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या रडक्या रेडिओमालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणत, त्याच चालीवर. पुढे हेटाळणी गेली आणि शब्द राहिला. साम्राज्यं, बंडखोर, राजकन्या, तलवारी, हेर, हे सगळं जुनंच सामान, फक्त घोड्यांच्या जागी यानं. आपल्याकडे १९९८ च्या सुमाराला दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायचा, तो याच कुळातला.

गोष्ट थोडक्यात अशी. साम्राज्यानं ‘डेथ स्टार’ नावाचं एक शस्त्र बांधलंय. छोट्या चंद्राएवढा गोळा, एका झोतात अख्खा ग्रह उडवणारा. बंडखोरांचे हेर त्याचे आराखडे चोरतात. आराखडे तपासल्यावर कळतं, की आतल्या अणुभट्टीची उष्णता बाहेर सोडणारं एक तोंड आहे, जेमतेम दोन मीटर रुंद, आणि तिथून सरळ नळी थेट भट्टीपर्यंत जाते. त्या तोंडात एक टॉर्पेडो पडला की साखळीनं स्फोट होत होत सगळा गोळा फुटणार. शेवटी एक पोरगेला वैमानिक नेमका तो टॉर्पेडो टाकतो.

या गोष्टीवर दोन आक्षेप घेतले जातात. एक, इतकी ढोबळ चूक कुणी करेल का? आणि दोन, असे आराखडे इतक्या सहज चोरता येतील का? बहुतेकांना पहिला आक्षेप बिनतोड वाटतो आणि दुसऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही. माझं म्हणणं उलट आहे. चूक अगदी पटण्यासारखी आहे. अवघड आहे ती चोरी.

आधी भोकाचं बघू. मी कलाशाखेचा माणूस, पण एवढं शास्त्र सांगायला भट्टी बांधता यावी लागत नाही. जमिनीवर यंत्र तापलं की आजूबाजूची हवा किंवा पाणी त्याची उष्णता ओढून नेतं. अंतराळात हवा नाही. तिथे उष्णता बाहेर टाकायचे दोनच मार्ग. एक तर पृष्ठभागावरून ती किरणांच्या रूपानं जाऊ द्यायची, नाही तर तापलेला वायू बाहेर फेकायचा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जे मोठाले पांढरे पंखे दिसतात, त्यांतले काही याच कामासाठी आहेत. त्यांतून अमोनिया खेळवून स्थानकातली उष्णता बाहेर सोडली जाते. तिथली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ग्रह फोडणाऱ्या भट्टीला किती उष्णता टाकावी लागेल, विचार करा. तेव्हा तिथे भोक असणारच. खरं तर दोन मीटरचं एक भोक म्हणजे अगदीच कंजूषपणा झाला, हजारो हवीत. म्हणजे सिनेमाची चूक झालीच असेल तर ती उलट्या बाजूनं झाली आहे.

शस्त्रातल्या बहुतेक उणिवा अशाच असतात. त्या निष्काळजीपणातून आलेल्या नसतात, गरजेतून आलेल्या असतात. किल्ल्याला दरवाजा ठेवावाच लागतो, कारण धान्य आत यायचं असतं. तोफेच्या बुरुजापर्यंत दारू पोचवायला वाट ठेवावीच लागते. शत्रू त्याच वाटेनं येतो.

ही कल्पना माझ्या कानांना नवी नाही. उर्दूत अमीर हमजाच्या दास्तानी आहेत. त्यांतलं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून भागाभागांनी निघालं. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी रचलेली एक अख्खी मायानगरी. आत शिरणाऱ्याला बाहेर पडता येत नाही. पण तिलिस्म रचणाऱ्यांनीच एक ‘लौह’ म्हणजे पाटी करून ठेवलेली असते आणि तिलिस्म कसा मोडायचा ते त्या पाटीवर लिहिलेलं असतं. ती पाटी हाती लागावी म्हणून वेषांतर करणारे, बेशुद्धीची भुकटी फुंकणारे अय्यार जिवावर उदार होऊन हिंडतात. देवकीनंदन खत्रींच्या हिंदी ‘चंद्रकांता’त हेच सामान आहे आणि १९९४ नंतर दूरदर्शनवर ती मालिका लागली तेव्हा आपल्या घराघरांत तिलिस्म आणि अय्यार हे शब्द पोरासोरांच्या तोंडी झाले होते. (क्रूरसिंगाला विसरणं तर शक्यच नाही.) चोरलेले आराखडे म्हणजे लौह, आणि डेथ स्टार म्हणजे तिलिस्म. लुकास यांनी दास्तान वाचली असेल असं मी म्हणत नाही. पण अजिंक्य वाटणारी वस्तू रचणाऱ्यालाच ती मोडायची रीत ठाऊक असते, हे फार पूर्वीपासून माणसाला उमगलेलं आहे.

आता खऱ्या जहाजांकडे वळू. ३१ मे १९१६ ला उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची जटलंडची लढाई झाली. त्या एका दिवशी ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन प्रचंड ब्रिटिश युद्धनौका गोळे लागून फुटल्या. नुसत्या बुडाल्या असं नाही, फुटल्या. तिन्हींवर मिळून तीन हजारांहून अधिक माणसं होती. वाचली ती मूठभर. सिनेमातल्या साखळी स्फोटाला कुणी हसत असेल, तर त्यानं या तीन जहाजांची हकीकत वाचावी.

घडलं ते असं. तोफांचा बुरूज वर असतो आणि दारूगोळ्याचं कोठार खाली, जहाजाच्या पोटात. दोघांना जोडणारा एक उभा बोगदा असतो. बुरुजात आग लागली तर ती बोगद्यातून खाली उतरू नये म्हणून मध्ये दारं होती आणि दारू किती बाहेर काढायची याचे नियम होते. पण नौदलात भराभर तोफा डागण्याचं वेड शिरलं होतं. दारं सारखी उघडझाप करण्यात वेळ जातो, म्हणून ती उघडीच राहू लागली. वाटेत कॉर्डाइटच्या थैल्यांचे ढीग रचले जाऊ लागले. आराखड्यात भोक नव्हतं. ते माणसांनी कामाच्या घाईत पाडलं होतं.

याच दोषाचा चटका जर्मनांना दीड वर्ष आधी बसला होता. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत त्यांच्या ‘सायडलिट्झ’चे मागचे दोन बुरूज आगीनं आतून जळून गेले आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. जहाज कसंबसं परत आलं. त्यांनी तपास केला, रीत बदलली. ब्रिटिशांचं त्या लढाईत तसं नुकसान झालं नाही, म्हणून त्यांनी धडा घेतला तो असा, की आणखी भराभर डागायला हवं.

अपवाद एका जहाजाचा. ‘लायन’वर अलेक्झांडर ग्रँट नावाचे मुख्य तोफाधिकारी होते. त्यांनी आल्या आल्या ढीग बघितले आणि जुने नियम पुन्हा लागू केले. लागेल तेवढीच दारू बाहेर काढायची, बाकी वेळ दार बंद. जटलंडला ‘लायन’च्या मधल्या बुरुजावर गोळा बसला. बुरुजातले मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी मरता मरता कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला. नंतर आगीचा लोळ बोगद्यातून खाली उतरलाच, वाटेतली सगळी माणसं गेली, पण कोठार वाचलं आणि जहाज घरी परतलं. हार्वींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लढाईनंतर आरमाराच्या तक्रारीचा रोख मात्र बराचसा जहाजांच्या पातळ चिलखतावर वळला, कारण चिलखताला दोष दिला की माणसांना द्यावा लागत नाही.

आता दुसरं उदाहरण घेतो. हे मला सर्वांत बोलकं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पाणबुड्यांजवळ ‘मार्क १४’ नावाचा टॉर्पेडो होता. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या कारखान्यात तयार झालेला. एकेकाची किंमत सुमारे दहा हजार डॉलर, म्हणून शांततेच्या काळात तो खराखुरा उडवून बघणं परवडत नसे. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध सुरू झालं आणि पाणबुड्यांचे कप्तान तक्रारी करू लागले. नेम बरोबर, अंतर बरोबर, पण जहाज बुडत नाही. वॉशिंग्टनच्या शस्त्रास्त्र खात्याचं उत्तर ठरलेलं होतं. टॉर्पेडो उत्तम आहे, तुम्हाला नेम धरता येत नाही.

जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पाणबुड्यांचे प्रमुख चार्ल्स लॉकवूड यांनी एक साधी गोष्ट केली. ऑल्बनीजवळच्या एका उपसागरात कोळ्यांचं मोठं जाळं पाण्यात सोडलं आणि त्यावर टॉर्पेडो मारले. जाळ्याला पडलेली भोकं मोजली. ठरवलेल्या खोलीपेक्षा टॉर्पेडो सुमारे तीन मीटर खालून जात होता. लाखो डॉलरच्या खात्याला जे जमलं नाही, ते जाळ्यानं एका दिवसात सांगितलं.

खोली दुरुस्त झाली, तेव्हा दुसरा दोष वर आला. जहाजाच्या लोखंडाचं चुंबकत्व ओळखून खालून फुटण्याची जी युक्ती होती, ती धड चालत नव्हती. १९४३ च्या जूनमध्ये पॅसिफिकमध्ये ती बंद करण्यात आली. तेव्हा तिसरा दोष दिसला. २४ जुलै १९४३ ला ‘टिनोसा’ या पाणबुडीनं एक मोठं जपानी तेलवाहू जहाज जागच्या जागी थांबवलं. मग कप्तान डॅन डॅस्पिट यांनी अगदी शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे काटकोनात उभं राहून एकामागून एक टॉर्पेडो सोडले. टॉर्पेडो जाऊन आपटत होते आणि गप्प राहत होते. शेवटचा एक मात्र डॅस्पिट यांनी मुद्दाम राखून परत आणला, तपासायला.

तपासात कळलं ते असं. टोकाशी जी खीळ मागे सरकून स्फोट घडवायची, ती सरळ काटकोनात धडक बसली की वाकून अडकायची. तिरपी धडक बसली तर निदान काही वेळा चालायची. म्हणजे नेम जितका अचूक, तितका टॉर्पेडो निकामी! हवाई बेटांत कड्यावर टॉर्पेडो मारून आणि उंचावरून खाली टाकून याची खात्री करून घेतली गेली. मग हलक्या धातूच्या खिळी बसवल्या. पर्ल हार्बरला पाडलेल्या जपानी विमानांच्या पंख्यांचा धातू त्यासाठी वापरला, असं सांगतात. सप्टेंबर १९४३ उजाडला. युद्ध सुरू होऊन एकवीस महिने झाले होते.

या एकवीस महिन्यांत जपानच्या कुठल्या हेरानं मार्क १४ चे आराखडे चोरले असते, तरी त्याला काय मिळालं असतं? कागदावर टॉर्पेडो निर्दोष होता. दोष फक्त समुद्रावरच्या माणसांना माहीत होता आणि ते ओरडून ओरडून सांगत होते. ऐकणारा माणूस खुर्चीत नव्हता.

या संदर्भात ‘स्टार वॉर्स’मधला एक छोटा प्रसंग आठवा. बंडखोरांचा हल्ला चालू असताना साम्राज्याचा एक अधिकारी सेनापती टार्किनजवळ येतो. आम्ही त्यांच्या हल्ल्याचा अभ्यास केला, धोका आहे, आपलं यान तयार ठेवू का, असं विचारतो. टार्किनला तो अपमान वाटतो. विजयाच्या क्षणी पळून जायचं? काही क्षणांतच सगळा गोळा फुटतो. म्हणजे जे कळायला बंडखोरांना चोरी करावी लागली, माणसं गमवावी लागली, ते साम्राज्याच्या स्वतःच्या नोकरानं बसल्या जागी काही मिनिटांत शोधून काढलं होतं. सबंध सिनेमात मला पूर्णपणे खरा वाटलेला प्रसंग हा आहे.

आपल्याकडे हिरकणीची दंतकथा आहे. दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्या पोरासाठी गवळण रायगडाचा कडा उतरून गेली. इतिहासाला तिचा पुरावा मागू नका. पण कथा सांगणाऱ्यानं पुढे काय घडवलं ते बघा. कडा उतरता येतो हे कळल्यावर महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा मान केला आणि तिथे बुरूज बांधला. वॉशिंग्टनच्या खात्यानं हिरकणीलाच विचारलं असतं, की तुला कडा नीट बघता येत नाही का.

आता चोरीकडे. सिनेमात एका राजकन्येच्या यानावर आराखडे येतात, ती ते एका यंत्रमानवाच्या पोटात ठेवते आणि काही दिवसांत विश्लेषण तयार. खरी चोरी कशी असते हे बघायचं तर त्याच १९७७ सालात मॉस्कोला जावं लागेल. सिनेमा मे महिन्यात लागला. त्या वर्षीच्या जानेवारीत मॉस्कोतल्या एका पेट्रोल पंपावर एका रशियन माणसानं अमेरिकन वकिलातीतल्या एका गाडीच्या खिडकीशी येऊन चिठ्ठी दिली. योगायोगानं ती गाडी थेट सीआयएच्या तिथल्या प्रमुखाची होती. तो माणूस होता अडोल्फ तोल्काचेव, लढाऊ विमानांच्या रडारची रचना करणाऱ्या संस्थेतला अभियंता. सीआयएनं काय केलं? काहीच नाही. सोव्हिएत गुप्तचरांचा सापळा असेल, म्हणून दुर्लक्ष केलं. तो पुन्हा आला. पुन्हा दुर्लक्ष. वर्षभराहून अधिक काळ हा माणूस आपल्या देशाची गुपितं हातात घेऊन दार वाजवत होता आणि आत घेणारे घाबरत होते. समोरासमोर पहिली भेट झाली ती १ जानेवारी १९७९ ला.

पुढची सहा वर्षं तोल्काचेव जेवणाच्या सुट्टीत कोटाच्या आत कागद लपवून घरी न्यायचा, कॅमेरा खुर्चीच्या पाठीला पकडीनं बांधून फोटो काढायचा आणि सुट्टी संपायच्या आत कागद परत ठेवायचा. कचेरीनं नियम बदलले, तेव्हा छोट्या कॅमेऱ्यानं शौचालयात फोटो काढू लागला. मोबदल्यात पैसे मागायचा आणि मुलासाठी पाश्चात्त्य रॉक संगीताच्या तबकड्याही. पकडलं गेलं तर खायला विषाची गोळी त्यानं मागून घेतली होती. त्याच्या सासूला स्टालिनच्या काळात ठार मारलं होतं आणि सासऱ्याला छावणीत डांबलं होतं. तो राग त्याच्या मनात होता. त्याच्या कागदांमुळे अमेरिकेचा संशोधनावरचा अब्जावधी डॉलरचा खर्च वाचला, असं सांगितलं जातं. जून १९८५ मध्ये तो पकडला गेला, कारण सीआयएतून काढून टाकलेल्या एका माणसानं त्याची बातमी सोव्हिएतांना विकली होती. १९८६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

सिनेमातल्या हेरगिरीत मला खटकतं ते हे. खरी चोरी वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं चालते. आलेला प्रत्येक कागद खरा की पेरलेला, या शंकेत अर्धा वेळ जातो. आणि एकदा गुपित फुटलं हे मालकाला कळलं, की तो आपली वस्तू बदलून टाकतो.

गंमत अशी, की डेथ स्टारवरच्या शेवटच्या हल्ल्याचा जो मूळ नमुना, त्यात चोरी नव्हतीच. लुकास यांनी ती दृश्यं बेतताना जुन्या युद्धपटांचे तुकडे जोडून पाहिले होते आणि त्यांत ‘द डॅम बस्टर्स’ हा १९५५ चा ब्रिटिश सिनेमा महत्त्वाचा. ‘स्टार वॉर्स’चे छायाचित्रकार गिल्बर्ट टेलर यांनी त्या जुन्या सिनेमाच्या विशेष दृश्यांवरही काम केलं होतं. तो सिनेमा खऱ्या घटनेवरचा. १६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटनची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. मोहने आणि एडर ही धरणं फुटली. आठ विमानं परत आली नाहीत, ५३ वैमानिक आणि त्यांचे साथीदार मेले.

धरणाची उणीव कशी सापडली? जर्मनांनी पाण्यात जाळी सोडली होती, टॉर्पेडो अडवायला. बार्न्स वॉलिस या अभियंत्यानं विचार केला, की बॉम्ब चपट्या दगडासारखा पाण्यावरून टप्पे खात जाळ्यांवरून गेला आणि भिंतीला टेकून खाली उतरून फुटला तर? मग छोट्या प्रतिकृती फोडून बघितल्या. १९४२ मध्ये वेल्समधलं एक वापरात नसलेलं छोटं धरण खरोखर उडवून बघितलं. कागद चोरण्यापेक्षा गणित मांडलेलं बरं, असा हा मामला. शत्रूनं कशाची भीती धरली आहे आणि कशाची धरलेली नाही, एवढं कळलं की पुष्कळ. डेथ स्टारची तटबंदीही मोठ्या जहाजांसाठी होती. एकट्यादुकट्या छोट्या यानाची त्यांना पर्वा नव्हती. तेवढ्यापुरता लुकास यांनी धडा बरोबर गिरवला.

एक गोष्ट मात्र सिनेमात येत नाही. धरणं फुटल्यावर खालच्या खोऱ्यात सुमारे तेराशे माणसं बुडाली. त्यांत जर्मनांनी जबरदस्तीनं कामाला आणलेले परदेशी मजूर, बायका, युद्धकैदी शेकड्यांनी होते. डेथ स्टारवरही स्वयंपाकी आणि झाडूवाले असणार. पडद्यावर फक्त ठिणग्यांचं फूल उमलतं आणि टाळ्या पडतात.

पुढच्या सिनेमांनी पहिल्याच आक्षेपाला उत्तरं शोधली. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये दुसऱ्या डेथ स्टारची माहिती सम्राटानं स्वतःच फुटू दिलेली असते, बंडखोरांनी सापळ्यात यावं म्हणून. ही कल्पना उत्तम आणि खरीही. ३० एप्रिल १९४३ ला ब्रिटिशांनी स्पेनच्या किनाऱ्याजवळ एक प्रेत सोडलं, त्याला मेजर मार्टिन नावाच्या अधिकाऱ्याचा गणवेश घातला आणि हाताशी पत्रांची पेटी बांधली. हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार, असा त्या पत्रांचा सूर होता. जुलैत सैन्य उतरलं ते सिसिलीत.

२०१६ च्या ‘रोग वन’मध्ये तर सांगितलं, की ती उणीव चूक नव्हतीच. जबरदस्तीनं राबवलेल्या एका शास्त्रज्ञानं सूड म्हणून ती मुद्दाम ठेवली होती. इथे मी थोडा अडखळतो. हजारो अभियंत्यांच्या कामात एकट्यानं केलेली एवढी मोठी खोट कुणाच्याच नजरेला पडू नये, हे कठीण वाटतं. पण जबरदस्तीनं राबणारा माणूस खोट ठेवतो, हे मात्र खरं आहे. जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण नॉर्डहाउसेनजवळ डोंगराच्या पोटात छळछावणीचे कैदी बनवत. त्या छावणीच्या जाळ्यात सुमारे वीस हजार माणसं मेली. काम बिघडवल्याच्या संशयावरून कैद्यांना कारखान्यातच फासावर चढवलं जाई. तिथे कुणी खीळ सैल ठेवली असेल तर तिची नोंद कुठल्या आराखड्यात मिळणार नाही.

गुपित बाहेर पडायला दर वेळी हेरच लागतो असंही नाही. जपानी आरमार पाणबुड्यांवरचे बॉम्ब कमी खोलीवर फुटतील असे लावत असे, त्यामुळे खोल गेलेल्या अमेरिकन पाणबुड्या वाचत. १९४३ च्या जूनमध्ये अँड्र्यू मे या अमेरिकन खासदारानं पत्रकारांसमोर हे फुशारकीनं सांगून टाकलं. ते वर्तमानपत्रांत छापूनही आलं. या बडबडीपायी दहा पाणबुड्या आणि आठशे माणसं गेली, असा लॉकवूड यांचा हिशेब होता. सगळे इतिहासकार तो मान्य करत नाहीत.

या सगळ्या अंतराळी हेरांत मला आवडलेला एक आहे तो २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मधला. तिथे डेथ स्टारपेक्षाही मोठं शस्त्र आहे आणि त्याची आतली माहिती सांगणारा फिन हा पळून आलेला शिपाई. ऐन वेळी तो कबूल करतो, की आपण तिथे साफसफाई खात्यात होतो. थिएटरात हशा पिकतो. मला हे फार योग्य वाटलं. इमारतीचे सगळे दरवाजे कुणाला माहीत असतात? ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्याला.

दुसऱ्या महायुद्धात अंकारामधल्या ब्रिटिश राजदूतांच्या घरी एलिएसा बाझ्ना नावाचा खासगी नोकर होता. साहेबांचे कपडे इस्त्री करायचे, अंघोळीचं पाणी काढायचं, हे त्याचं काम. साहेबांच्या पेटीतल्या अत्यंत गुप्त कागदांचे फोटो काढून १९४३ च्या अखेरीपासून काही महिने तो जर्मनांना विकत होता. जर्मनांनी त्याला ‘सिसेरो’ असं टोपणनाव दिलं. कागद शंभर टक्के खरे होते. पण एक नोकर एवढं आणू शकतो, यावर बर्लिनमधल्या वरिष्ठांचा विश्वास बसेना. हे ब्रिटिशांनीच पेरलेलं असणार, या संशयात त्यांचे दिवस गेले.

बाझ्नाला मोबदला मिळाला सुमारे तीन लाख पौंड. युद्धानंतर त्यानं तो पैसा धंद्यात घालायला काढला तेव्हा कळलं, की त्यातल्या बहुतेक नोटा खोट्या आहेत. नाझींनी छळछावणीतल्या कैद्यांकडून छापून घेतलेल्या. त्यानं पश्चिम जर्मनीच्या सरकारकडे भरपाई मागितली. १९७० मध्ये तो वारला, तोवर त्याला काहीही मिळालं नव्हतं.